म्हसोबाच्या चढावरची केळीची पानं

"नाना, चाकं जागच्या जागी फिरताहेत," रफिकभाई खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाला.

ते त्यानं सांगायची गरज नव्हती. तीस वर्षं इंजिन चालवलं की चाक घसरतंय हे आधी बसायच्या जागेला कळतं, मग कानाला. इंजिनाचा आवाज चढला होता, केबिन थडथडत होती आणि खिडकीसमोरची बाभळीची फांदी मात्र होती तिथंच होती. मी नॉच खाली आणला. नॉच म्हणजे तुमच्या मोटारीचा ॲक्सिलरेटरच, फक्त तो पायाऐवजी हातानं, एकेक टप्पा करून वाढवायचा.

मागं तीन डबे होते. डब्यांत माणसांऐवजी मुरूम भरलेल्या गोण्या होत्या, प्रत्येक सीटवर एक माणसाच्या वजनाची. शेवटच्या डब्यात इन्स्पेक्शनचे साहेब उभे होते. गाडी पास की नापास हे त्यांच्या हातात होतं, आणि आम्ही नेमके म्हसोबाच्या चढावर अडकलो होतो.

आमची लाईन चोपड्याच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याला. अडीच फुटी रुळांची छोटी लाईन, बंद पडून बरीच वर्षं झाली होती. तिचा अकरा किलोमीटरचा तुकडा एका ट्रस्टनं हेरिटेज गाडीसाठी घेतला. डोंगर, केळीच्या बागा, एक पूल, शेवटी हा चढ. पर्यटकांनी बसावं, फोटो काढावेत, ताक प्यावं आणि परत यावं, असा बेत. मी रिटायर होऊन घरात सगळ्यांना नको नको करत होतो, तेव्हा ट्रस्टच्या मॅनेजर पाटील मॅडमचा फोन आला. "नाना, तुमचं जुनं डिझेल इंजिन शेडमध्ये पडलंय. चालू होईल का?" मी जेवणावरून उठलो तो थेट शेडवरच गेलो.

या इंजिनाला आम्ही बारकी म्हणायचो. मोठ्या लाईनचे ड्रायव्हर तिला खेळणं म्हणायचे आणि मला राग यायचा. अजून येतो. तिला पुन्हा उभं करायला दोन वर्षं गेली. सुटे भाग कुठंच मिळत नव्हते. रफिकभाई अमळनेरचा, लेथवर काम करणाऱ्यांच्या घरातला, जन्मजात फिटर. त्यानं वॉटर पंपाचा शाफ्ट नवा घडवला, गॅस्केट पत्र्याच्या कात्रीनं कापले. ज्या दिवशी बारकी पहिल्यांदा सुरू झाली, त्या दिवशी तिनं आम्हा दोघांच्या तोंडावर काळा धूर सोडला आणि आम्ही तसेच एकमेकांच्या गळ्यात पडलो. मॅडमनी फोटो काढलाय. त्यात फक्त दात दिसतात.

पण इंजिन सुरू होणं वेगळं आणि माणसं बसवायची परवानगी मिळणं वेगळं. त्यासाठी ही टेस्ट. पूर्ण वजन घेऊन गाडी चढावर मधोमध, खुणेची पाटी लावलेल्या जागी थांबवायची आणि तिथून पुन्हा वर न्यायची. मागं जाता कामा नये. नापास झालो तर ट्रस्टला लाईनसाठी मिळालेली मुदत संपत होती आणि बारकी कुठल्यातरी चौकात सिमेंटच्या ओट्यावर जाणार होती. रंग देऊन, आतलं सगळं काढून. ओट्यावरची इंजिनं मी पाहिली आहेत. मला ती बघवत नाहीत.

तर त्या दिवशी काय झालं ते सांगतो. आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे दिवस होते. लेकी माहेरी आलेल्या, झाडाझाडाला झोके. चढाच्या कडेला जे गाव आहे, तिथल्या बायांना रुळांची देखभाल करणाऱ्या गँगमनकडून कळलं की गाडी पाटीजवळ थांबणार. गाडी इतक्या वर्षांनी गावात येतेय, आणि तीही आखाजीला! त्यांनी तिला माहेरवाशीणच करून टाकलं. पाटीपाशी रुळाच्या दोन्ही बाजूंना केळीचे खांब बांधले, आंब्याचं तोरण लावलं. इथपर्यंत ठीक होतं. पण त्यांनी रुळांवर केळीची पानंही अंथरली. पाटीच्या अलीकडं थोडी, पलीकडं बरीच. वळणामुळं मला ती उशिरा दिसली. गाडी थांबवायची जागा तीच, म्हणून थांबवली. पण तोवर इंजिनाची चारही चाकं पानांवरून गेली होती.

केळीचं पान चाकाखाली सापडलं की त्याचा गिळगिळीत लगदा होतो, वर चीक. लोखंडावर लोखंड पकड घेतं ते दोन्ही कोरडी असली तर. इथं मधे साबण घातल्यासारखं झालं.

अशा वेळेसाठी इंजिनाला सँडर असतो. म्हणजे वाळूची पेटी. ड्रायव्हरनं पायाखालचं पेडल दाबलं की नळीतून कोरडी वाळू चाकापुढं पडते आणि चाक पकड घेतं. मी पेडल दाबलं.

"पडली का?"

"नाही."

पुन्हा दाबलं.

"नाना, एक कणसुद्धा नाही," रफिकभाई म्हणाला.

 सकाळी मॅडमनी चेकलिस्ट हातात घेऊन विचारलं होतं, "नाना, सँडर बघितले ना?" मी म्हटलं होतं, "बघितले." पेट्या उघडून बघितल्या होत्या हे खरं. वाळू मी स्वतः चाळली होती, कढईत भाजली होती, बायकोची बोलणी खाल्ली होती. पण पेडल दाबून नळीतून वाळू पडते का, हे बघितलं नव्हतं. सपाटीवरच्या फेऱ्यांत सँडर लागलाच नव्हता. आणि मी टिक मारली होती.

इंजिन बंद केलं. हँडब्रेक आवळला, चाकांमागं लाकडी गुटके लावले, रिव्हर्सरचा दांडा काढून खिशात घातला. हा दांडा म्हणजे इंजिनाची पुढं-मागं जायची किल्ली. तो ड्रायव्हरच्या खिशात असला की इंजिन कुणी हलवू शकत नाही. मग खाली उतरलो. रफिकभाईनं नळीत तार घातली. वाळलेल्या मातीचे तुकडे पडले, त्याबरोबर एक मेलेली अळी.

"कुंभारमाशी," तो म्हणाला. "घर केलंय नळीत."

एक नळी कशीबशी मोकळी झाली. दुसरीची माती वाकणात पक्की बसली होती, ती खोलल्याशिवाय निघणार नव्हती. आणि आता नुसती वाळू टाकूनही उपयोग नव्हता; पहिल्या घसरणीलाच पडली असती तर चाकानं पकड घेतली असती, पण जागीच फिरून चाकांनी लगद्याचा जाड थर केला होता. लगद्यात वाळू कालवली तर चटणी झाली असती.

साहेब चालत आले. बारीक, कमी बोलणारा माणूस. उन्हानं त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. त्यांनी चाकं बघितली, पानं बघितली, केळीचे खांब बघितले.

"एक संधी आणखी देतो," ते म्हणाले. "गाडी एक वीतभर जरी मागं गेली तरी नापास."

पाटील मॅडम बायांकडं वळल्या. रागावून काही बोलणार होत्या, पण पुढं उभ्या होत्या यशोदा अक्का. साठीच्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात आरतीचं ताट. हा सगळा घाट त्यांनीच घातला होता.

"पाहुणी इतल्या वरीसनी येस," अक्का म्हणाल्या. "मंग तिले काय तशीच वाट देवानी का?"

 मी म्हटलं, "अक्का, वाट छान केली. पण चाकाला चीक लागला. घसरतंय."

अक्कांनी वाकून रुळावरून बोट फिरवलं. ते नाकाशी नेलं, अंगठ्यावर घासलं. मग त्यांनी मागं वळून हाक दिली ती पार गावापर्यंत गेली असेल.

"बठ्ठ्या जणी या वं! चुल्हानी राख आना! नारळन्या शेंड्या आना!"

"राख?" साहेबांनी मला विचारलं.

"भांड्याचा ओशटपणा राखेनंच जातो साहेब," मी म्हटलं. मला आधी सुचलं असतं तर बरं झालं असतं, पण मी भांडी कधी घासलीच नाहीत.

पंधरा मिनिटांत वीसेक बाया आल्या. टोपल्यांतून, घमेल्यांतून राख. पुढची पानं त्यांनी भराभर उचलली. मग दोन रांगा करून रुळावर बसल्या आणि घासायला लागल्या. माहेरी आलेल्या पोरी जरीच्या साड्या खोचून बसल्या होत्या. कुणीतरी आखाजीचं गाणं सुरू केलं. मी चाकाच्या बाजूला घासायला वाकलो, तर अक्कांनी माझ्या हातातली शेंडी काढून घेतली.

"तुमी बाजूले व्हा नाना. तुमले घसता येत नही."

खरंच येत नव्हतं. चाकांमधल्या अडचणीच्या जागा रफिकभाईनं घासल्या आणि बायांनी त्याला दोनदा परत घासायला लावल्या. शेवटी गोणपाटानं राख पुसून काढली. रूळ असा चमकायला लागला की त्यात ऊन बघवेना. पेटीतली वाळू आम्ही पत्र्याच्या डब्यानं काढली आणि दोन्ही रुळांवर, चाकांच्या पुढं, हातानं बारीक धार धरून सोडली. पेडलनं जे व्हायचं ते हातानं केलं.

साहेब घड्याळाकडं न बघता हे सगळं बघत होते.

बाया लांब उभ्या केल्या, गुटके काढले. मी वर चढलो, खिशातला दांडा परत बसवला, इंजिन सुरू केलं.  नॉच एक. ब्रेक हळूहळू सैल. बारकीनं एक हिसका दिला. चाक किंचित सरकलं, कर्र असा वाळूचा आवाज आला, आणि बाभळीची फांदी मागं सरकायला लागली!

"पकडलं!" रफिकभाई ओरडला. "नाना, पकडलं!"

नॉच दोन. नॉच तीन. डबे एकामागून एक ताणले गेले. बाया बाजूनं धावत होत्या, टाळ्या वाजवत होत्या. कुणाच्या हातात अजून नारळाची शेंडी होती. मी हॉर्नची दोरी ओढली ती माथ्यापर्यंत सोडलीच नाही. हा नियमात बसणारा हॉर्न नव्हता. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी ते पुसलंही नाही. गाडी माथ्यावर उभी राहिली तेव्हा खालून मोठा कल्ला ऐकू आला.

माथ्यावर लिंबाखाली साहेबांना ताक दिलं. ते रिपोर्ट लिहायला बसले. रफिकभाई माझ्या कानाशी आला.

"गप्प राहा नाना. पानांचं झालं, पानांवर जाऊ दे."

मला त्याचं म्हणणं कळत होतं. साठी उलटलेल्या ड्रायव्हरला दर वर्षी परवाना नवा करून घ्यावा लागतो. न बघता टिक मारली हे कागदावर आलं असतं, तर माझी सीट गेली असती. दोन वर्षं खपून उभं केलेलं इंजिन दुसऱ्यानं चालवलं असतं आणि मी घरी कढई घासत बसलो असतो. पण अक्का आणि त्यांच्या पोरींच्या नावावर ते खपवायचं, हे मला गिळेना. त्यांनीच तर आम्हाला वर आणलं होतं.

"साहेब," मी म्हटलं, "गाडी पानांमुळं घसरली, पण अडकली माझ्यामुळं. सँडरच्या नळ्या मातीनं बंद होत्या. मी तपासल्या नव्हत्या. टिक मारली होती."

मॅडमनी डोळे मिटले. साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"मी वेगळं लिहीत होतो," ते म्हणाले. "गावकऱ्यांनी रुळावर पानं टाकली म्हणून गाडी अडकली, असं. आणि मग मला परवानगी देता आली नसती."

"का पण सर?" मॅडमनी विचारलं. "गाडी चढली ना!"

"आज वीस बाया होत्या म्हणून चढली. अकरा किलोमीटर दोन्ही बाजूंनी केळी आहे. एखादं पान पडणारच. त्याची हमी तुम्ही देणार की मी? पण कारण बंद नळी असेल, तर नळी साफ करता येते." त्यांनी लिहिलेल्या ओळीवर रेघ मारली. "दोन्ही नळ्या खोला. मी परवा येऊन वाळू पडताना बघतो, पानावर इंजिन उभं करून चालवून बघतो. मग सही करतो."

 रफिकभाई झाडाकडं बघत होता.

"आणि नाना," साहेब म्हणाले, "तुम्ही एक महिना इंजिनावर चढायचं नाही. खाली पिटमध्ये, इंजिनाखालच्या खड्ड्यात काम करायचं."

"पण सर, पहिली गाडी पुढच्या रविवारी आहे," मॅडम म्हणाल्या.

"दुसरा ड्रायव्हर बघा."

ठरल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी ते आले, बघितलं, सही केली. रविवारी धुळ्याहून बोलावलेल्या ड्रायव्हरनं बारकी चालवली. चांगली चालवली, हे मला कबूल करावं लागतं, फक्त हॉर्न फार कंजूषपणे वाजवला. मी तिसऱ्या डब्यात तिकीट काढून बसलो. तीस वर्षांत या गाडीच्या डब्यात मी कधी बसलो नव्हतो. इंजिनात माझी नजर रुळावर असायची. पुलावरून डावीकडं सातपुडा असा दिसतो हे मला ठाऊकच नव्हतं. समोर अक्का आणि पाच-सहा जणी होत्या. त्यांनी मला शेंगदाण्याचा लाडू दिला.

"नाना, आज तुमनी सुट्टी शे का?" एकीनं विचारलं.

"सुट्टीच समजा," मी म्हटलं आणि दुसरा लाडू मागितला.

महिना संपल्यावर मी परत इंजिनावर चढलो, अजून चढतो. मात्र चेकलिस्टवर मी आता टिक मारत नाही. सँडरच्या रकान्यात लिहितो, 'पेडल दाबलं, डावीकडं वाळू पडली, उजवीकडं वाळू पडली, स्वतः वाकून बघितलं.' मॅडम म्हणतात, रकाना एवढा मोठा नाही. मी म्हणतो, रकाना मोठा करून घ्या.