आधारपेशी काढलेल्या प्लेट

तडतडी हे माझ्या मैत्रिणीचं घरचं नाव. लहानपणी पडली की रडायची नाही, जमिनीशी भांडायची. अजून तशीच आहे.

आम्ही एका खोलीत राहतो. मी साहित्य शिकले, ती मेंदू. तिच्या प्रबंधाची भाषा मी तपासते, म्हणून तिचं काम मला थोडंफार कळतं.

मेंदूतल्या काही चेतापेशी इतर पेशींना आवर घालतात. त्या कमी पडल्या की झटके येतात. पण आवर घालायचा तर गडबड कुठे चालली आहे, हे आधी त्यांना कळायला हवं. त्यासाठी त्यांच्या फांद्यांवर निरोप पकडणारे ग्राही असतात. सुरुवातीला ते विरळ असतात. वृद्धिघटक नावाची प्रथिनं मिळाली की दाट होतात. तडतडी उंदराच्या पिल्लांच्या या पेशी प्लेटमध्ये वाढवायची. वृद्धिघटक घालून रंग लावला की ग्राहींच्या हिरव्या ठिपक्यांची नुसती गर्दी. तिचे मार्गदर्शक सर खूश.

इतके खूश, की एका औषध कंपनीला सांगून मोकळे झाले. हा घटक थेट चेतापेशींवर काम करतो, झटके येणाऱ्या बाळांना देता येईल.

तिला ते 'थेट' खटकलं. प्लेटमध्ये चेतापेशी एकट्या नसतात. त्यांना सांभाळणाऱ्या आधारपेशीही असतात. तिने त्या काढून टाकल्या आणि मग घटक घातला. ठिपके वाढले नाहीत. पुन्हा केलं. पुन्हा तेच. म्हणजे घटक आधारपेशींना लागतो, आणि पुढचं त्या करतात.

ती सरांकडे गेली. मी बाहेर बाकावर होते. दार उघडंच होतं.

"बॅच बिघडली असणार," सर म्हणाले.

"दोन्ही वेळा?"

"मग तुझा हात बिघडला असेल."

"याच हाताने वाढवलेल्या प्लेट तुम्ही कंपनीला दाखवल्यात. तेव्हा हात सोन्याचा होता."

"अगं, पदवी हवी ना? मग तेवढं प्रकरण गाळ."

"आणि एखाद्या बाळाच्या आधारपेशीच आजारी असल्या तर? औषध कशावर काम करणार, तुमच्या भाषणावर?"

सर हसले. चिडले असते तर बरं झालं असतं. "दमलीयेस तू, पोरी. आठवडाभर घरी जा."

दुसऱ्या दिवशी मी तिच्यासोबत गेले, तर तिच्या कार्डाने प्रयोगशाळेचं दार उघडेना. आत तिसऱ्या खेपेच्या प्लेट होत्या, घटक घालून तयार झालेल्या. पोषकद्रव बदललं नाही तर मरणाऱ्या. तिने दाराच्या काचेवर मूठ आपटली. शेजारच्या टेबलावर काम करणारा सहकारी दचकून आला. त्याला ती गोगलगाय म्हणते. त्याने दार बोटभर उघडलं.

"तुला आत घ्यायचं नाही, असं सांगितलंय."

"मी कुठे आत येतेय? तू आहेस ना आत? रंग घाल आणि फोटो काढ. आधारपेशी असलेल्या प्लेटचे आणि नसलेल्यांचेही."

"माझी नोकरी जाईल गं."

"मग बस शेपूट घालून. पण उद्या बाळांना हे टोचायला लागले की आरशात बघू नकोस."

दार बंद झालं. आम्ही जिन्यात बसलो. माणसं कॉफीचे कप घेऊन आमच्या बाजूने जात होती. कोणी विचारलं नाही. एकाने तर पाय आवरून बसायला सांगितलं. मला त्या कपांचाही राग आला.

दुपारी तिच्या मोबाईलवर फोटो आले. सोबत एक अक्षर नाही. एका फोटोत फांद्या ठिपक्यांनी लगडलेल्या. दुसऱ्यात जवळजवळ उघड्या. घटक दोन्हींत सारखाच घातलेला.

ती हसली नाही. "बघ," दात ओठ खात म्हणाली, "आणि म्हणे हात बिघडला."

तिथेच बसून तिने ते कंपनीला, विभागाला आणि सरांना पाठवले. गोगलगायीचं नाव कुठे घातलं नाही. खाली फक्त स्वतःचं.

फोन लगेच वाजला. सरांचा आवाज मला पलीकडच्या पायरीवर ऐकू येत होता. "पदवी विसर आता! कळलं? विसर!"

"विसरले," ती म्हणाली. "ठेवते सर. कंपनीचा फोन येतोय."

खरंच येत होता.