हातमशीन मारलं

माझ्या वेळच्या बाळंतपणात आईचे दोन्ही पाय गेले. पुढं वडीलही गेले. मग साताऱ्याकडच्या त्या गावात जमिनीवर बसून, एका हातानं शिलाईच्या हातमशीनचा दांडा फिरवत आणि दुसऱ्यानं कापड सरकवत आईनं मला वाढवलं. झंपर, परकर, टोपडी, जे येईल ते शिवायची. मशीनला कुणाचा पाय लागू देत नसे. चुकून लागलाच तर आधी नमस्कार, मग बाकीचं बोलणं. माझं लग्न बंगलोरात ठरलं तेव्हा तिनं तेच मशीन माझ्याबरोबर दिलं. मी म्हटलं, "आणि तू काय करशील?"

"भावाच्या घरात पडून राहीन. नाहीच जमलं तर येईन की तुझ्याकडं. मशीन असलं म्हणजे कुणाचं फुकट खाल्ल्यासारखं वाटत नाही बघ."

सासर कॉटनपेठेत. घर मराठी, पण कितीतरी पिढ्या बंगलोरात मुरलेलं. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्यांचं ते कानडी मिसळलेलं "स्वल्प थांब", म्हणजे जरा थांब, आणि "सरी, जा", म्हणजे बरं जा, ऐकून सुरुवातीला मला वाटायचं, बाई माझी थट्टाच करते. त्या गोधड्या शिवायच्या. तिकडं कौदी म्हणतात. लोक जुनी लुगडी आणून देत. ह्यांच्या गिरणीच्या पगारात जे भागत नसे ते गोधड्यांवर भागायचं. मग आत्याबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. टाके वाकडे जायला लागले, गिऱ्हाइकं कौदी परत आणून टाकायला लागली.

मी म्हटलं, मशीनवर घालते. कसलं काय! हातमशीनवर एक हात दांड्यात अडकलेला, आणि गोधडी दोन्ही हातांनी ओढल्याशिवाय सरकत नाही. तिची गुंडाळी मशीनच्या पोटात मावेना. सुया मोडल्या त्या वेगळ्याच. मोठ्या पोटाचं पायमशीन पाहिजे होतं. चिकपेठेतला एक दुकानदार जुनं घेऊन तसलं द्यायला तयार झाला आणि घरी बघायला आला. आईचं मशीन उलटंपालटं करून मलाच विचारतो, "मारतीरा अम्मा?"

माझं डोकंच फिरलं. "कुणाला मारतोस रे? हात तर लावून बघ!"

आत्याबाई हसून हसून भिंतीला टेकल्या. "अगं, कन्नडात मारणं म्हणजे विकणं! विकतेस का, म्हणतोय तो." मलाही हसू आलं, काय करणार. हसता हसताच मी मान हलवली. त्यानं मशीन खांद्यावर घेतलं तेव्हा दांड्याची लाकडी मूठ, आईच्या हातानं गुळगुळीत झालेली, आपसूक अर्धा फेरा फिरली. मी आत जाऊन चुलीशी बसले आणि पोटभर रडले. आत्याबाई आत आल्या नाहीत. शहाणी बाई.

पायमशीन आलं. कामाला वाघ होतं. रोज पाय ठेवण्याआधी मी त्याला नमस्कार करायची, आणि आत्याबाई चिडवायच्या, "पायानंच चालवायचं ते, किती पाया पडशील!" घर सावरलं. आईला मी कळवलं नाही. कशाला कळवायचं? ती कुठं इतक्या लांब येणार होती?

आली. मामा वारले आणि मामीनं ठेवून घेतलं नाही. भावकीतल्या एकानं तिला मिरजेहून गाडीत घालून आणलं, आमच्या ओट्यावर ठेवलं आणि तो माघारी गेला. आईच्या कमरेला पुरचुंडी होती. तिच्यात तेलाची कुपी आणि कागदात खोचलेल्या सुया. घोटभर पाणी प्यायली आणि म्हणाली, "माझं मशीन कुठाय? तेल घालते. कोरडं पडलं असेल."

आत्याबाई सवयीनं बोलून गेल्या, "ते मारलं की, विहीणबाई. कौदीसाठी हे घेतलं."

आई त्यांच्याकडं बघत राहिली, मग माझ्याकडं. या खेपेला अर्थ सांगायला कुणाचं तोंड उघडलं नाही. "मारलं," ती म्हणाली. "बरं केलंत. घर चालायला पाहिजे." पुरचुंडी तिनं परत बांधली. त्यानंतर वाढलं की म्हणायची, भूक नाही. घासभर खाऊन ताट सरकवायची.

एका सकाळी मी शिवत होते. आई खुरडत खुरडत मशीनखाली आली. "पाय काढ."

"आई, काय करतेस?"

"काढ म्हणते ना!"

मी पाय वर घेतले. तिनं दोन्ही तळवे त्या लोखंडी पट्टीवर ठेवले आणि दाबायला लागली. मशीन चालू झालं. "कापड धर," ती खालून ओरडली, "टीप वाकडी जाईल!" मला वरून तिचा पांढरा भांग तेवढा दिसत होता. माझ्या पायाशी माझी आई बसली होती, आणि मी रडत रडत टीप सरळ घालत होते. त्या दुपारी ती दोन भाकरी जेवली.

पुढच्या थंडीत ती गेली. तोवर आमच्या सगळ्या गोधड्या तिच्याच हातांवर निघाल्या. दिवस झाले, पाहुणे गेले. सुईखाली अर्धी कौदी तशीच होती आणि तिचं गिऱ्हाईक दारात येऊन गेलं होतं. मी मशीनपुढं बसले, नमस्कार केला. पाय काही उचलेना. तिच्या हातांच्या जागी पाय कसा ठेवायचा?

आत्याबाई दाराशी उभ्या होत्या. चिडवलं नाही त्यांनी.

"ठेव गं," म्हणाल्या. "स्वल्प हळू ठेव."