मनकर्णाबाईचा डावा पाय

मनकर्णाबाई पायाळू. जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आले, तेव्हाच तिच्या पायाचं काम ठरून गेलं. कुणाच्या कमरेत उसण भरली की तो बडनेऱ्याला तिच्या ओट्यावर येई. सकाळी, चहाच्या आधी, तीन दिवस. माणूस पालथा पडायचा आणि मनकर्णा खिडकीचा गज धरून डावा पाय त्याच्या कमरेवर तीनदा दाबायची. पैसा घ्यायचा नाही हा नेम. नवरा उत्तमराव वारला, मुलगी गीतांजली लग्न होऊन अकोल्याला गेली. त्यानंतर घरात माणसाचा आवाज यायचा तो या दुखणेकऱ्यांचाच. पहिल्याच दिवशी बरं वाटलं तरी ते तीन दिवस पुरे करत. एखादा चौथ्या दिवशीही नुसता बोलायला येई.

मग तिचीच कंबर गेली. चाळीस वर्षं झेंडू तोडताना वाकलेली कंबर. स्वतःच्या कमरेवर स्वतःचा पाय काही लावता येत नाही, म्हणून ती कौंडण्यपूरकडच्या एका म्हाताऱ्या पायाळूकडे जात राहिली. तीन वर्षं. शेवटी पायातली चप्पल रस्त्यात निसटायची आणि दहा पावलं गेली तरी तिला समजायचं नाही, तेव्हा गीतांजलीनं तिला ओढूनच अकोल्याच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी प्लास्टिकचे मणके हातात घेऊन दाखवलं. दोन मणक्यांमधली गादी झिजली होती. वरचा मणका पुढे घसरून पायाकडे जाणारी नस दाबत होता. ऑपरेशन झालं; चार स्क्रू आणि दोन दांड्या घालून दोन्ही मणके एकमेकांना जखडले.

"पण दांड्या नुसत्या धरून ठेवतात," ते म्हणाले. "खरा जोड हाड भरून येईल तेव्हा. सहा महिने, वर्षही लागेल. तोवर वाकलात, पिळलात, तर ताण स्क्रूवर येतो. तार वाकवून वाकवून तुटते ना, तसं होतं. आणि जोडलेला सांधा आता वाकणार नाही. त्याच्या वाट्याचं वाकणं वरच्या सांध्यावर पडेल. त्यालाही जपा."

"एका पायावर उभं राह्यलं तं चालते का?" तिनं विचारलं.

"कशासाठी? कंबर एका अंगाला कलते. इतक्यात नको."



घरी परतल्यावर ती पाठ फळीसारखी ताठ ठेवून, गुडघ्यात वाकून केर काढायला शिकली. ओट्यावर मात्र कुणी येईना. नळावर शेजारची केशरबाई तोंडावरच म्हणाली, "जिच्या सवताच्या कमरेले खिळे ठोकले बाप्पा, तिच्या पायात काय राह्यलं असन?" बायका हसल्या. मनकर्णाही हसली. तेवढंच दिवसभरातलं बोलणं.

चार महिन्यांनी एका सकाळी गोपाल आला. अमरावतीच्या भाजीबाजारात पोती वाहणारा, पस्तिशीचा.

"मावशी, कंबर भरली. पाय लावा न."

मनकर्णाला काय करू नि काय नको झालं. तिनं सतरंजी पायानंच सरकवून पसरली. कमरेचा पट्टा घट्ट केला. तीनदाच तर दाबायचं, गज होता धरायला. तीन दिवस माणूस येणार होता. आणि याला गुण आला की बाजारभर बोभाटा होणार, मग बाकीचेही येतील.

गोपाल चपला काढू लागला. उजवी चप्पल पायाला सुतळीनं बांधली होती.

"हे काहून बांधलं रे?"

"निसटते वं मावशी. समजतच नाई."

मनकर्णाचा हात गजावरच राहिला. "टाचेवर चालून दाखव."

"पाय लावाले आलो, का परेडले?"

"चाल म्हनतो न."

तो चालला. डावा पंजा वर उठला, उजवा फरशीला चिकटून राहिला.

"ऊठ," ती म्हणाली, तो अजून पालथा पडलाही नव्हता तरी. "माह्या पायानं उसण जाते. हे उसण नाई. नस दबून राह्यली तुही. अकोल्याले जाय."

"तिथं जाऊन खिळे ठोकून घेऊ? तुमच्यासारखे?"

"ठोकाच लागन असं नाई. दाखव तं खरं. म्या तीन वर्षं पाय लावून घेत फिरली. माहा अंगठा आजबी उठत नाई, पाह्य."

गोपालनं पाहिलं नाही. "नाई लावाचा तं सीधं नाई म्हना, मावशी. दवाखान्याची भीती काहून दाखवता?"

तिनं गीतांजलीचा नंबर कागदावर लिहून दिला, पोरगी दवाखाना दाखवील म्हणून. त्यानं तो खिशात कोंबला आणि पाय घासत निघून गेला. दुसऱ्या सकाळी तो आला नाही. तिसऱ्या दिवशी केशरबाईनं नळावर ऐकवलं, "आला थ्याच्यालेबी वापस धाडलं म्हने."

संध्याकाळी गीतांजलीचा फोन येई. मनकर्णा उभ्यानंच घेई. "कोनी गोपाल म्हनून आलता का?"

"नाई आई."

पाचव्या संध्याकाळी गीतांजली वैतागली. "आई, तू रोज एकच इचारतं."

"मंग दुसरं काय इचारू?" मनकर्णा म्हणाली, आणि दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेच विचारलं.