नवरदेव सोडून सगळे

साताऱ्याहून दोन जीप निघाल्या. माझा चुलतभाऊ सागर याचा दुपारी सांगलीत साखरपुडा होता आणि मोहिमेचे सेनापती होते त्याचे मामा, फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार.

"टीमवर्क पायजे, गड्यांनो! परत्येकाला ड्यूटी हाय," त्यांनी बजावलं. अंगठी आत्याकडे, पेढे काकांकडे, हार माझ्याकडे, नारळांवर तर दोन माणसं. नवरदेव कुणाकडेच नव्हता. चालत्याबोलत्या माणसाला सांभाळायचं काय?

रहिमतपूरला चहा झाला. औंधचा डोंगर मागे पडला, माळावर मेंढरं दिसू लागली, आम्ही गाण्यांच्या भेंड्यांत रमलो. विट्याला उसाचा रस प्यायला उतरलो तेव्हा उजेड पडला: आम्हाला वाटत होतं सागर पुढच्या जीपमध्ये आहे, पुढच्यांना वाटत होतं आमच्यात. फोन लावला, तर तो आमच्याच जीपमध्ये चार्जिंगला लावलेला वाजला.

लगेच बैठक बसली. चूक कुणाची यावर एकमत होईना. रस मात्र एकमताने पुन्हा मागवला. तेवढ्यात सागरचा फोन वाजला. प्रियांका, होणारी नवरी! मी उचलणार तोच मामांनी हात धरला.

"उचलू नगंस! सोयऱ्यांना कळलं तर साखरपुडा मोडंल."

फोन वाजून थांबला, पुन्हा वाजला. आम्ही सगळे शहाणे नुसते बघत राहिलो. मग दोन्ही जीप मागे फिरल्या. दोन्ही कशाला? टीम फुटायला नको म्हणून!

रहिमतपूरचा चहावाला हसायलाच लागला. "नवरदेव व्हय? मागं नळावर सदऱ्यावरचा डाग धूत व्हता, तवर तुमी गेलासा. माज्या फोनवरनं नवरीला फोन केला, तेवढाच नंबर पाठ हाय म्हनला. मग गेला की आगगाडीनं. ती तुमास्नी लय फोन लावत व्हती, कुनी उचलंना."

मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच त्यांचा हात धरला होता.

सांगलीला पोचेपर्यंत मुहूर्त टळला होता. पाहुणे ताटकळलेले, नवरीच्या वडिलांच्या कपाळावर आठ्या. सागर ओसरीवर भडंग (तिखट चुरमुरे) खात बसला होता.

"टायर पंक्चर झालं, पावनं," मामांनी ठोकून दिलं.

प्रियांका पुढे आली, मामांच्या पाया पडली आणि गोड आवाजात म्हणाली, "मामा, लग्नाला ह्यांना मीच घेऊन येते. तुम्ही फक्त जेवायला या."

मांडवभर हशा पिकला. तिचे वडीलही हसले आणि म्हणाले, "चला, बसवा दोघांना पाटावर." साखरपुडा झाला.

परतताना जीपमध्ये मला राहून राहून लाज वाटत होती. आम्ही नारळाला तडा जाऊ दिला नाही, पण माणूस रस्त्यावर सोडला आणि त्याचा फोन वाजत असताना आपली अब्रू सांभाळत बसलो. आता आमच्या घरात निदान एक तरी फोन उचलणारी येणार आहे.