चार जाकिटं आणि एका बादलीचा पाऊस

मागणी करणं मला येतं. पत्रक लिहिणं येतं, मोर्चापुढं बोलणं येतं, तहसीलच्या दारात ठिय्या मारणं येतं. निवडणं मात्र येत नव्हतं. हे मला त्या वर्षीच्या सप्टेंबरात कळलं, आणि ते आक्कानं कळवलं.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. शिरूर कासारच्या अलीकडं आमचं गाव. दिवाळीच्या आसपास ती आणि दाजी ऊस तोडायला पश्चिमेकडं जातात, ते उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात. आदल्या हंगामात तिकडं अवकाळी पाऊस झाला. पाऊस आला म्हणून तोड थांबत नाही. फडाच्या कडेला ट्रक उभा असतो, तो भरून द्यावाच लागतो. साडीवर दाजींचा जुना शर्ट चढवून आक्का चार दिवस भिजत मोळ्या वाहत राहिली आणि पाचव्या दिवशी कोपीत, पाचटाच्या त्या झोपडीत, पडून राहिली. न्युमोनिया. बीडच्या डॉक्टरांनी बजावलं, "पुन्हा असं भिजलात तर छाती साथ देणार नाही. एकतर जाऊ नका, नाहीतर कोरड्या राहा."

जाऊ नका म्हणजे खायचं काय, हे त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं नाही. त्या वर्षी आमच्याकडं पेरलेलं उगवलंच नव्हतं. सप्टेंबर आला तरी जनावरं चारा छावणीत आणि माणसं टँकरमागं. आक्का जाणार हे ठरलेलं होतं. ती कोरडी कशी राहणार, एवढंच ठरायचं होतं.

इथं माझं डोकं फिरतं. पाऊस नाही म्हणून ज्यांना घर सोडावं लागतं, त्यांनीच दुसऱ्याच्या शिवारात जाऊन पावसानं आजारी पडायचं! आणि ज्याच्यासाठी भिजायचं तो कारखाना सहकारी. सहकार कुणाचा? ऊस लावणारा सभासद, त्याला सर्वसाधारण सभेचं आमंत्रण, दिवाळीला साखर. ऊस तोडणारा कोण? त्याचं नाव मुकादमाच्या वहीत. हे सगळं मी पत्रकात लिहिलं. आमच्या संघटनेनं सह्या गोळा केल्या, कारखान्याच्या दारात दोनदा बसलो. मागणी एकच होती, तोडणी कामगारांना पावसात घालायला धड जाकीट द्या.

आणि कारखाना हो म्हणाला.

मी तिसऱ्या वेळी बसायची तयारी करत होतो, त्यामुळं जरा गांगरलोच. खरेदी अधिकारी म्हणाले, "आमच्याकडं एक नमुना आलाय. तुम्हाला पसंत नसेल तर तुमचा आणा. पुढच्या गुरुवारी संचालकांची बैठक आहे. त्या दिवशी ठरलं नाही, तर आमचा घेऊन टाकू." त्यांचा नमुना म्हणजे रस्त्याकडेला दोरीवर लटकत असतो तो पातळ प्लास्टिकचा रेनकोट.

आठ दिवस हातात होते. मी पुण्याची गाडी पकडली आणि डोंगर चढणाऱ्यांचं सामान विकणाऱ्या एका दुकानात शिरलो.

"कुठला ट्रेक करताय सर?" दुकानदारानं विचारलं.

"ऊस."

"हे कुठं आलं?"

"फडात."

तो हसला, पण मी सगळं सांगितल्यावर स्टूल ओढून बसला. भला माणूस. म्हणाला, "पाणी आत न येणं ही अर्धी गोष्ट झाली. प्लास्टिकमधूनही येत नाही. पण अंगाची वाफ बाहेर गेली पाहिजे, नाहीतर घामानंच भिजाल." मग त्यानं दोन जाकिटं काढली. एक नारिंगी, रुमालासारखं घडी होणारं. त्याच्या चिठ्ठीवर वीस हजार मिलिमीटर लिहिलेलं. म्हणजे काय, तर त्या कापडावर वीस मीटर उंचीचा पाण्याचा खांब उभा केला तरी थेंब आत झिरपत नाही. वीस मीटर पाणी! आमच्या शिवारात दोन वर्षांत मी कुठल्या विहिरीत पुरुषभर पाणी पाहिलं नव्हतं. दुसरं जाकीट राखाडी, जाड, दहा मीटरचं. त्याच्या शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली आणि काखेत चेन. "अंगमेहनतीचं काम असेल तर काख उघडता आलेली बरी," दुकानदार म्हणाला. मी ऐकलं आणि सोडून दिलं. दहापेक्षा वीस मोठे असतात, एवढं गणित मला येत होतं. त्यानं दोन्ही नमुने भरवशावर दिले.

परतीच्या एसटीत मांडीवर कागद ठेवून मी पत्रक लिहिलं. पाटोद्याला उतरून छापूनही घेतलं. मथळा होता, "वीस मीटरचंच जाकीट! त्याखाली तडजोड नाही!" गठ्ठा बगलेत मारून मी आक्काच्या दारात उभा राहिलो.

तिनं पत्रक वाचलं. ती सातवीपर्यंत शिकलीय, पण माझी पत्रकं ती मास्तरासारखी वाचते.

"कुणी निवडलं?"

"मी."

"कावून? तू तोडतुस का ऊस?"

"आगं, आकडा तर बघ."

"आकडा मोळी उचलतो व्हय? घालून कुणी बघितलं?"

कुणीच नाही. मी घालून बघितलं होतं, पण दुकानाच्या आरशासमोर, पंख्याखाली.

"आजवर जे वाटलं ते आमी घेतलं," आक्का म्हणाली. "मुकादमानं दिली ती ताडपत्री, पुढाऱ्यानं दिली ती साडी. एकदा निवडायला मिळतंय, तर तेबी तूच निवडून आलास. शाणा हायस लई."

मी पत्रकांचा गठ्ठा खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही छावणीवर गेलो. तिथं दुष्काळानं एक सोय करून ठेवली होती, जनावरांना चारा म्हणून उसाच्या गाड्या येत होत्या. म्हणजे आमच्या कोरड्या तालुक्यात ऊस मिळेल अशी ती एकच जागा. चार जाकिटं बरोबर घेतली होती. अधिकाऱ्यांचा प्लास्टिकचा रेनकोट, दाजींकडं पडून असलेला जाड रबरी कोट, माझं नारिंगी आणि ते राखाडी.

"तुझी कागदं आण," आक्का म्हणाली. "ओली झाली की शाई पसरती का?"

"पसरते."

"मग झालं."

प्रत्येक जाकिटाच्या आत, पाठीशी, तिनं एकेक पत्रक घातलं. अर्धा तास मोळ्या वाहायच्या, मग वरून पाऊस, मग कागद काढून बघायचा. ऊन असं होतं की बैलसुद्धा मान खाली घालून उभे होते. आक्कानं पदर खोचला, डोक्यावर चुंबळ ठेवली, मोळी उचलली आणि गाडीपासून दावणीपर्यंत फेऱ्या सुरू केल्या.

अडचण पावसाची होती. तेलाच्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडून मी पाऊस तयार केला होता, पण त्यात ओतायला पाणी? टँकरच्या पिंपातून बादली भरली, तर शेजारच्या दावणीवरची म्हातारी ओरडली, "पाऊस पाडतुस का रं? सरकारला जमंना, तुला जमतंय व्हय?"

जनावरांना पाजायचा पत्र्याचा टब ओढून आक्का त्यात उभी राहिली. मी डब्यातून पाणी सोडायचं, ते तिच्या अंगावरून टबात पडायचं, टबातलं पुन्हा बादलीत. एकच बादली, तिचा पाऊस चार जाकिटांवर चार वेळा पडला, आणि शेवटी ते पाणी म्हातारीच्याच म्हशीनं प्यायलं. तोवर छावणीतल्या बायका भोवती जमल्या होत्या. "आक्का, साबण देऊ का?" एकीनं विचारलं. दुसरी म्हणाली, "राहू दे गं, वर्षाची आंघोळ एकदाच उरकून घेतीय ती."

प्लास्टिकमधून निघालेलं पत्रक हातात धरवत नव्हतं. लगदा. पाऊस पडायच्या आधीच घामानं त्याचा निकाल लागला होता. रबरी कोटातलंही तसंच, वर आक्काचे खांदे त्या वजनानं अवघडलेले. नारिंगीतलं पत्रक घामानं भिजलं नव्हतं, फक्त वरचा एक कोपरा ओला होता. मी मनात खूश झालो. मग तिनं पाठ वळवली. उसाच्या पानाची कड ब्लेडसारखी असते. खांद्यावर ते वीस मीटरवालं कापड बोट जाईल इतकं फाटलं होतं, आणि पावसाचं पाणी सरळ तिथून आत गेलं होतं. त्याची टोपीही चुंबळीखालून सरकून डोळ्यांवर येत होती.

राखाडीतलं पत्रक कडांना दमट झालं होतं, बाकी अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. तिनं काखेच्या चेनी उघडल्या होत्या. टोपी गळ्याशी गुंडाळून ठेवता येत होती. कापडावर ओरखडे होते, पण पाण्याचे थेंब मण्यांसारखे घरंगळत होते.

"हे," आक्का म्हणाली. "फकस्त बाह्या लांब हायत. बाईचं माप येगळं पायजे."

मी संध्याकाळी संघटनेच्या बैठकीत उभा राहिलो आणि सांगितलं की माझं पत्रक चुकलं. असं बोलायची मला सवय नाही.

गुरुवारी कारखान्याच्या सभागृहात वीज गेली होती. खिडक्या उघड्या, पंखे बंद. आक्कानं टेबलावर चार पत्रकं ओळीनं मांडली आणि कुठलं कशातून निघालं ते सांगितलं.

"ताई, प्लास्टिकमधून पाणी आत येतच नाही," खरेदी अधिकारी म्हणाले.

"बाहीरचं येत न्हाई साहेब. आतलं जात न्हाई."

"हे कागद तुम्ही कुठं भिजवलेत, आम्हाला काय माहीत?"

"मग हितं भिजवू. घाला तुमी."

संचालक हसायला लागले. "घाला हो साहेब, घाला." अधिकाऱ्यांनी प्लास्टिकचा रेनकोट गळ्यापर्यंत बटणं लावून घातला, पाठीशी कोरं करकरीत पत्रक घेतलं आणि बसले. बैठक पुढं चालू राहिली. रस्त्याचा विषय झाला, वजनकाट्याचा झाला, चहा आला. चहानंतर साहेबांच्या कानामागून धार लागली. पत्रक काढलं तेव्हा ते शर्टाला चिकटून आलं. एका वयस्क संचालकांनी चष्मा लावून वाचायचा प्रयत्न केला. "'तडजोड नाही' एवढंच लागतंय बुवा," ते म्हणाले.

तरी एकजण बोललाच, "आज डोंगरावरचं जाकीट, उद्या बूट मागतील."

"मागणारच!" मी उठलो. आक्कानं माझ्या शर्टाचं टोक धरून खाली बसवलं.

"साहेब," ती म्हणाली, "सगळ्यात भारीतलं ते नारिंगी होतं. ते म्याच नको म्हणले, तुमच्या उसात टिकत न्हाई. जे टिकतंय, तेच मागते."

माझं पत्रक घेऊन आम्ही तिथं गेलो असतो, तर दहा मिनिटांत बाहेर आलो असतो, हे मला तिथंच बसल्या बसल्या समजलं. ठराव झाला. राखाडी जाकीट, तोडणीवरच्या प्रत्येक माणसाला एक, बायकांच्या मापाचं वेगळं. ती माणसं निघायच्या आधी जाकिटं आली. सगळी नाही, पण आमच्या टोळीची आली.

जानेवारीत तिकडं पुन्हा अवकाळी झाला. बातमी ऐकल्यापासून मी फोन लावत होतो, दोन दिवस लागला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तिचाच आला. मागं ट्रकचा आवाज, पावसाचा आवाज.

"भिजलीस का?" मी विचारलं. आवाज माझा मलाच लहान पोरासारखा वाटला.

"पाठ कोरडी हाय. छाती कोरडी हाय. ताप न्हाई, खोकला न्हाई. पर मोळीला हात वर केला की मनगटातनं पाणी घुसतंय, काखेपर्यंत जातंय. लिहून घे."

"घेतो."

"नुसतं घेतो म्हणू नगंस, घे. मनगटाला चांगली घट्ट पट्टी पायजे. आन..." तिनं फोन जरा बाजूला धरला. "थांब, ही म्हणतीय खिसा आतून पायजे, फोन भिजतोय. आन ती म्हणतीय..."

मग फोन हातोहात फिरू लागला. कुणाला कॉलर टोचत होती, कुणाला चेन मोठी हवी होती, एकीला राखाडी रंगच आवडत नव्हता आणि हेही लिहायलाच पाहिजे असं तिचं म्हणणं होतं. मी वही काढली. एक पान भरलं, उलटलं, आणि त्या अजून सांगतच होत्या.