मटण खाली, आईचं दही वर

आमच्या जुन्या फ्रीजात बर्फाचा कप्पा वर होता, सगळी भानगड तिथंच झाली. आई चार दिवसांसाठी अणदूरहून आमच्याकडं नळदुर्गला आली होती. वडील गेल्यापासून तिनं मटण सोडलेलं. दिवसभर लाईट नव्हती, कप्प्यातला बर्फ वितळला आणि मटणाचं पाणी थेट तिच्या दह्यात ठिबकलं. ती तशीच बस धरून गेली, ती दीड वर्ष फिरकली नाही.

यंदा तिचे हात लई थरथरायला लागले. उकळता चहा दोनदा मांडीवर सांडला. एकटीनं राहणं आता जमणारच नव्हतं. पण ये म्हटलं की एकच उत्तर, "मटणाच्या खालचं म्या खाणार न्हाय." माझं डोकं फिरायचं. शेवटी म्हटलं, आपण फ्रीजच बदलू.

दुकानदार वर फ्रीजरवाला गळ्यात मारायला बघत होता. म्हणे, आपल्याकडं हाच खपतो. मी म्हटलं, मला फ्रीजर खालीच पाहिजे. तो हसला तशी बायको म्हणाली, "हसू नका. सासूबाईंचं दही वरच ऱ्हायला पाहिजे." खाली फ्रीजरचा एकच होता, माझ्यापेक्षा उंच. तोच घेतला. येताना आम्ही दोघं खुशीत होतो.

घरी आणला तर स्वयंपाकघरातल्या माळ्याखाली मावेना. मी शिंपी माणूस, दिवसभर लोकांची मापं घेतो, आणि स्वतःच्या घराचं माप घ्यायचं सुचलं नाही. माळा फोडावा तर घर भाड्याचं. मग मधल्या खोलीत खिडकीजवळ उभा केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच आईला आणायला गेलो.

आई बोचकं घेऊन आली. मी दोन्ही दारं उघडून दाखवली. हे खाली मटणाचं, हे वर तुझं. तिनं वाकून खालचा खण नीट बघितला.

"बरं केलंस," म्हणाली. मग खोलीभर नजर फिरवली. "अन् माझी बाज कुठं टाकायची? म्या इथंच तर पडत व्हते."

मी बायकोकडं बघितलं, तिनं खाली. आमच्या घरात बाज मावेल अशी तेवढी एकच जागा होती. बाहेरच्या खोलीत माझ्या दोन मशिनी आणि दिवसभर गिऱ्हाईक. दुकानदाराला फोन लावला, तर एकदा खोललेला माल परत घेत नाही म्हणाला. आईचं दही कुठं राहील, तेवढंच आम्ही धरून बसलो. ती कुठं राहील, हा विचार पोटच्या पोराच्या डोक्यात आला नाही. लाज वाटली मला. अजून वाटते.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. पण बोचकं तिनं सोडलंच नव्हतं. "पाचची बस गावंल," म्हणाली.

मी तिला थांब म्हटलं नाही. थांबवून झोपवणार कुठं?