पितळेचा दुसरा साचा

विद्यापीठाच्या कार्यशाळेत तेवीस वर्षं नोकरी केली, पण कानसकाकांनी तिथला एक स्क्रू कधी घरी नेला नाही. घरच्या दाराची कडी निखळली तेव्हा त्यांनी स्क्रू दुकानातून विकत आणला, आणि तो पिळायला स्क्रू ड्रायव्हर शेजाऱ्याकडून मागून आणला. शेजारी म्हणाला, अहो, तुम्ही दिवसभर स्क्रू ड्रायव्हरच्या राशीत बसता की! काका म्हणाले, ती रास माझी नाही. माणूस सुतासारखा सरळ असावा हे खरं, पण सरळपणालाही काही सुमार असतो का नाही?

खरं नाव हजेरीपुस्तकात होतं, ते तिथंच राहिलं. हातात सदानकदा कानस, म्हणून कानसकाका. प्रोफेसर मंडळी कागदावर काहीतरी गिचमिड काढून आणायची आणि काका त्यातून चालणारं यंत्र काढून द्यायचे. बोलणं मोजकं. बोलायचं खातं घरी काकूंकडे होतं. काकू कापडाच्या दुकानात विक्रीला उभ्या असायच्या, आणि रुमाल घ्यायला आलेला माणूस पडद्यांचं कापड घेऊन जायचा, असं त्यांचं तोंड. घरी आल्यावर दिवसभरातलं एकेक गिऱ्हाईक त्या नकलेसकट पुन्हा उभं करायच्या. काका जेवत जेवत ऐकायचे. त्यांचा रेडिओ तोच.

तो रेडिओ बंद पडला. काकूंच्या घशात गाठ निघाली आणि जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मानेच्या खालच्या बाजूला एक भोक राहिलं, श्वास तिथूनच. आठ महिने काकू पाटीवर लिहून बोलत होत्या. काकूंसारख्या बाईला पाटी! अर्धं वाक्य लिहायच्या आणि चिडून फडक्याने पुसून टाकायच्या.

त्यांचं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरीणबाई विद्यापीठातच शिकवायच्या. त्यांनी काकांना समजावून सांगितलं, की श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये भोक पाडून तिथं एक छोटीशी मऊ झडप बसवता येते. गळ्यावरच्या भोकावर अंगठा धरला की हवा झडपेतून वर जाते आणि माणूस बोलतो. मात्र पाणी उलटं छातीत उतरायला नको. बाजारात मिळणारी झडप तीन महिन्यांत ठिबकायला लागायची, आणि काकूंच्या गळ्यात तर ती धड बसतही नव्हती. बाईंच्या डोक्यात नवा आकार होता. तो ओतायला साचा हवा होता.

काकांनी पितळेचा साचा केला. माप नकाशात होतं, पण सगळी मेख झडपेच्या ओठात होती, म्हणजे जिथं ती उघडते आणि मिटते त्या कडेत. ती कड किती पातळ आणि कुठं जरा जाड, हे नकाशात लिहिता येत नव्हतं. काका ती कातड्याच्या तुकड्याने घासायचे, डोळे मिटून नखाने चाचपायचे, पुन्हा घासायचे. मग साच्यातून ओतलेल्या झडपेवर निळं पाणी भरून ठेवायचे आणि खाली पांढरा कागद. रात्रभर ठेवून सकाळी कागद कोरा निघाला तर झडप पास. पहिल्या साच्याला चार महिने गेले. त्यातून हात बसला, म्हणून काकांनी स्वतःचं पितळ विकत घेऊन, सुट्टीच्या दिवशी घरच्या ओट्यावर दुसरा साचा केला. तो पहिल्याहून सरस उतरला.

झडप बसवली त्या दिवशी दवाखान्याच्या खोलीत सगळे जमले होते. डॉक्टरीणबाईंच्या हातात कॅमेरा. काकूंनी अंगठा गळ्यावर धरला, काकांकडे डोक्यापासून पायापर्यंत बघितलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "अहो, शर्टाची बटणं वर-खाली लावलीयत."

काका तिथंच, सगळ्यांच्या देखत, ओक्साबोक्शी रडले.

पुढं आणखी अकरा पेशंटना ती झडप बसली. दीड-दीड वर्षं टिकायला लागली. मग विद्यापीठाच्या तंत्रज्ञान हस्तांतरण कक्षाचे साहेब कार्यशाळेत येऊन गेले. कक्ष नवा, साहेब तरुण. संशोधन कपाटात कुजू द्यायचं नाही, ते कंपनीकडे द्यायचं, कंपनी हजारोंनी बनवेल, गावोगावच्या मुक्या झालेल्या माणसांना वाचा येईल, असं ते तळमळीनं सांगायचे. त्यात खोट काहीच नव्हती. पेटंट झालं, त्यावर डॉक्टरीणबाईंच्या खाली कानसकाकांचं नाव आलं, पूर्ण, हजेरीपुस्तकातलं. काकूंनी पेटंटचा कागद चौकटीत घालून भिंतीवर लावला आणि आल्या-गेल्याला दाखवून दाखवून भंडावून सोडलं.

मग कंपनी मिळाली. करार असा झाला, की झडप फक्त तिनंच करायची, दुसऱ्या कुणी नाही. आणि साचे, नमुने, नकाशे सगळे तिच्या हवाली करायचे. साहेबांनी कार्यशाळेत येऊन सामानाची खोकी भरून घेतली आणि जाता जाता सहज विचारलं, सगळं आलं ना काका? काकांच्या मनात घरचा साचा आला. पितळ त्यांचं, सुट्टी त्यांची, ओटा त्यांचा. पण करारात सगळे साचे असं लिहिलं होतं आणि त्याखाली त्यांची सही होती. ते म्हणाले, एक उद्या आणतो.

घरी येऊन त्यांनी तो फडक्याने पुसला. काकूंनी खणातून एक जाड कापडी पिशवी काढून दिली, चरा पडायला नको म्हणून. दुसऱ्या दिवशी काकांनी साचा पिशवीसकट साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि पावतीसुद्धा मागितली नाही.

कंपनी बाजारात स्वतःची झडप विकत होतीच, ती दर तीन महिन्यांनी बदलावी लागणारी. दीड वर्ष टिकणारी विकून आपल्याच पायावर धोंडा कोण पाडून घेणार? खाईना नि खाऊ देईना, अशातला प्रकार. काकांची झडप फडताळात गेली. अमुक वर्षांत बनवली नाही तर हक्क परत, असं एक कलम करारात घालतात म्हणे. साहेबांचा तो पहिलाच करार. तो मोडू नये या धाकात ते कलम घालायचं राहून गेलं. एका कलमापायी इतक्या वर्षांचं काम पाण्यात गेलं आणि कुणावर ओरडायची सोय नाही, कारण वाईट असं कुणी वागलंच नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी आधीच ओतलेल्या चार झडपा काकूंसाठी बाजूला ठेवल्या होत्या. त्यावर काकू सहा वर्षं बोलल्या. तोवर काका निवृत्त झाले, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, आणि चौथी झडप ठिबकायला लागली. पाणी पिताना काकूंना ठसका लागायचा तो थांबता थांबायचा नाही. दोनदा छातीत पाणी होऊन दवाखान्यात राहावं लागलं. बाजारातली लावून बघितली, ती आठवड्यात सुटली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नियम मी बघून घेते, काका, तुम्ही मला एक न ठिबकणारी झडप आणून द्या. नाहीतर झडपेसाठी पाडलेलं मधलं भोक शिवून टाकावं लागेल. काका काय ते समजले. शिवलं की आवाज गेला.

ते हस्तांतरण कक्षात गेले. साहेबांचे केस आता पिकायला लागले होते. त्यांनी उठून खुर्ची दिली, कंपनीला पत्र लिहिलं, फोन केले. उत्तर आलं तेव्हा त्यांनी काकांना बोलावून घेतलं. प्रकल्प कधीच बंद झाला होता, सामान मोडीत गेलं होतं. काकांनी विचारलं, दोन्ही साचे? साहेबांनी जुनी यादी काढली आणि तिच्यावरून बोट फिरवलं.

"काका, आमच्या यादीत साचा एकच होता," ते म्हणाले. "दुसरा तुमच्या घरी आहे हे कुणाला माहीतच नव्हतं. तुम्ही तो ठेवला असता, तर कुणी विचारायलाही आलं नसतं."

काका घरी चालत आले. धर्म करता कर्म उभं राहतं म्हणतात ते असं. त्यांनी पितळ आणलं, डोळ्यांतला मोतीबिंदू काढून घेतला आणि घरच्या ओट्यावर बसले. एक साचा, दुसरा, पाचवा. मापाला सगळे चोख. पण बोट थरथरायचं आणि नखाला पूर्वी जे कळायचं ते आता कळत नव्हतं. सातव्या साच्यातली झडप निळ्या पाण्याखाली ठेवली. सकाळी कागदावर एक ठिपका होता, मोहरीएवढा.

डॉक्टरीणबाईंनी ती झडप उजेडात धरून बघितली. चांगली वाटतेय, काका, बसवायची का? एवढ्यावर काका गप्प बसले असते तर बाईंनी बसवलीही असती. काकूंचा आवाज आणखी चार-सहा महिने राहिला असता, आणि काकांना तो हवा होता, देवाशपथ हवा होता. पण ते म्हणाले, "ठिबकतेय. तिच्या छातीत जाईल." आणि झडप परत मागून घेतली.

भोक शिवायचा दिवस ठरला. आदल्या दुपारी काका ओट्याशी बसून सातही साचे उगाच पुसत होते. काकू शेजारी येऊन बसल्या. अंगठा गळ्याला लावला. आवाज फाटत होता आणि मधे मधे ठसका येत होता.

"किती दिवस मनात धरून बसणार? साचा द्यायला पिशवी मीच काढून दिली होती," त्या म्हणाल्या. "तुम्ही तो लपवला असता ना, तर मीच तुम्हाला घरात घेतलं नसतं." मग दम खाऊन म्हणाल्या, "आणि बटणं आता आरशात बघून लावत जा. माझ्याच्यानं सांगणं व्हायचं नाही."

काकांनी मान हलवली. आपण काहीतरी बोलायला हवं होतं असं त्यांना नंतर फार वाटलं. त्या वेळी मात्र त्यांना नुसतं ऐकायचं होतं.

त्याला आता दोन वर्षं होतील. ती पाटी पुन्हा माळ्यावरून खाली आली आहे. भिंतीवरची चौकट काका उतरवायला निघाले होते, काकूंनी हात धरला. घरात आरसा आहे, चांगला पुरुषभर उंच. तरी रोज सकाळी काका शर्ट घालून स्वयंपाकघराच्या दारात येतात तेव्हा बटणं वर-खाली लागलेली असतात. पहिल्या दिवशी ते खरंच चुकलं होतं.

काकू हात पुसतात, पुढं येतात, सगळी बटणं काढून खालपासून पुन्हा लावतात. लावताना त्यांचे ओठ हलत असतात, अंगठा चुकून गळ्याकडे जातो आणि परत येतो. काका उभे राहतात आणि शेवटचं बटण लागेपर्यंत त्या ओठांकडे बघत राहतात.